द्वारकाताईंच्या पाठीची पाहणी

एजन्सीचा निरोप आला तेव्हा आई एका कानात नोएडाच्या ऑफिसची मीटिंग घालून स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. फोनवर आलेलं तिने वाचलं, मीटिंगला म्यूट केलं, कुकरला म्यूट करता येईना म्हणून गॅसच बंद केला आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "शुक्रवारी आपल्याकडे पाहणीला येतायत. कामाच्या जागेचं आरोग्य आणि सुरक्षा."

"कोणाच्या कामाच्या जागेचं?" तात्यांनी व्हीलचेअरमधून मान वर केली.

"आपल्या घराचं."

"हे माझं घर आहे. इथे कामाची जागा कुठून आली?"

"तुमचं घर, माझं ऑफिस," तात्यांच्या पोटऱ्यांना तेल चोळता चोळता द्वारकाताई म्हणाल्या. "बॉस खडूस आहे, पण चहा बरा मिळतो."

सोफ्यावर आडवी पडलेली रुचिरा खो खो हसली. खरं तर त्या वेळी ती भूगोलाच्या तासाला बसलेली होती. गाझियाबादची हवा इतकी बिघडली होती की शाळा बंद ठेवून वर्ग ऑनलाइन चालले होते, आणि कॅमेरा बंद ठेवून भूगोल झोपूनही शिकता येतो हा शोध तिने पहिल्याच दिवशी लावला होता.

तात्या म्हणजे रुचिराचे आजोबा, विश्वनाथ. मागच्या वर्षी याच फ्लॅटच्या बाथरूममध्ये ते घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड छान जुळून आलं. पण त्या दिवसापासून तात्यांचं आणि फरशीचं जे बिनसलं, ते काही जुळलं नाही. डॉक्टर म्हणत उभे राहा, तात्या म्हणत उद्या. म्हणून मग अंघोळ, कपडे, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, या सगळ्यासाठी एजन्सीकडून मदतनीस यायला लागल्या. पहिली तात्यांच्या सूचनांना कंटाळून गेली. दुसरीला तात्यांनी चादर घडी करायला शिकवली, तीही गेली. द्वारकाताई मात्र टिकल्या. त्या मूळच्या बैतूलच्या. त्यांच्या मराठीत हिंदी आणि हिंदीत मराठी अशी काही मिसळलेली असे की कुठलं काय ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि तात्यांनी एक दिलं की त्या दोन परत देत. त्यामुळे तात्यांना त्या फार आवडत. अर्थात हे तात्या कधी कबूल करणार नव्हते.

"पण पाहणी कशाला?" रुचिराने विचारलं.

"एजन्सीच्या मुलींच्या पाठी धरतायत म्हणे, माना धरतायत," आई फोन वाचत म्हणाली. "म्हणून प्रत्येक घर बघून रंगाचा शेरा देणार. हिरवा म्हणजे उत्तम. पिवळा म्हणजे सुधारणा करा. आणि लाल..." आई थांबली.

"लाल म्हणजे?"

"लाल म्हणजे मदतनीस परत बोलावणार."

भूगोलाचे सर तेवढे कुठल्या तरी पठाराबद्दल बोलत राहिले. लालचा अर्थ सगळ्यांना कळत होता. बाबा महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर, आईचं ऑफिस, रुचिराची शाळा. द्वारकाताई गेल्या की तात्यांची रवानगी पुण्याला, परीक्षितकाकाकडे. हे मागेच ठरलं होतं.

"परीक्षितकडे संध्याकाळी सातला जेवून झोपतात," तात्या म्हणाले. "मी काय कोंबडी आहे?"

रुचिराला तर विचारही नको झाला. दहावीपर्यंत तिला कोणी नाव विचारलं तर ते दोनदा विचारावं लागायचं, इतका तिचा आवाज बारीक. यंदा अकरावीत प्रार्थनेच्या वेळी सूत्रसंचालन करणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी समोर दिसली म्हणून रुचिराच्या हातात माइक दिला, आणि काय झालं कोणास ठाऊक, आतून एक भलामोठा आवाज बाहेर आला. तेव्हापासून तो परत आत जायचं नाव घेत नव्हता. वादविवाद, निवेदन, बसमध्ये सीटवरून भांडण, सगळीकडे रुचिरा पुढे. आणि या नव्या आवाजाची प्रत्येक तालीम शेवटपर्यंत ऐकून घेणारा घरातला एकमेव माणूस म्हणजे तात्या. मधेमधे डुलकी काढत का होईना.

"लाल येणार नाही," ती उठून उभी राहिली. "बिल्कुल नाही. हिरवाच आणायचा."

"शाब्बास," तात्या म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत अशी चमक आली की आई मनातल्या मनात म्हणाली असणार, झालं आता.

कारण तात्यांनी सगळी नोकरी दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथीगृहात काढली होती. मंत्री येणार, सचिव येणार, समिती येणार, की विश्वनाथरावांना बोलवा. पाहणीसाठी जागा सजवण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या दिल्लीत कोणी नव्हता. असं त्यांचं मत होतं.

"रुचिरा, पाहणीला आलेला माणूस काय बघतो?"

"काय?"

"आपण दाखवतो ते! लिही. पहिलं, पलंगाखालच्या विटा. बांधकाम चालू आहे असं वाटतं. काढा."

आता या विटा रुचिरा आणि द्वारकाताई दोघींनी मिळून, भरपूर भांडून, पलंगाच्या चारी पायांखाली सरकवल्या होत्या. पलंग बुटका होता, द्वारकाताईंना दर वेळी कमरेत मोडून वाकावं लागायचं. विटांनी तो बरोबर उंचीला आला होता. पण पाहुण्यांसमोर विटा? छे. आईलाही पटलं. मग एकेक गोष्ट निघत गेली. बाथरूममध्ये पसरलेले जुन्या गाडीचे रबरी मॅट: शोभत नाहीत. पलंगावर उठून बसायला खिडकीच्या गजाला बांधलेला गाठींचा जाडजूड दोर: कोणी काय समजेल! उंबरठा दिसावा म्हणून चिकटवलेली लाल पट्टी, अंघोळीचं मळकट प्लास्टिकचं स्टूल, सगळं जप्त. हा सगळा माल बाल्कनीतल्या कूलरच्या पोटात गेला. थंडीत कूलरला तसंही दुसरं काम नव्हतं.

मग दिवाणाच्या आतून काश्मिरी गालिचा निघाला. रुचिराने मोबाइलवरून फरशीचं पॉलिश मागवलं, ते मॅगीपेक्षा लवकर आलं. तिने आणि आईने ते घासून घासून लावलं, आणि संध्याकाळी रुचिराने मोजे घालून दारापासून बाल्कनीपर्यंत एक घसरगुंडी मारून बघितली.

"तात्या, मक्खन!"

"शाब्बास. फरशीत झुंबर दिसलं पाहिजे."

"आपल्याकडे झुंबर नाहीये."

"मग ट्यूब दिसू दे."

शेवटी कपाटातून एक नवाकोरा निळा पट्टा निघाला. एजन्सीने पहिल्याच दिवशी दिलेला. तात्यांच्या कमरेला बांधायचा, त्याला दोन्हीकडे मुठी, त्या धरून माणसाला उभं करायचं. तात्यांनी तो एकदाही बांधू दिला नव्हता. "मला पट्टा बांधायला मी काय मोत्या आहे?" असं म्हणून विषय संपवला होता. आता मात्र त्यांनी तो इस्त्री करायला लावला आणि टेबलावर फुलदाणीच्या शेजारी, मानपत्र ठेवावं तसा मांडून ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी निघण्याआधी द्वारकाताई स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. रुचिरा पाणी प्यायला गेली तर नाकात बामचा भपका शिरला. द्वारकाताई मानेला बाम चोळत होत्या, आणि तिला बघितल्यावर बाटली पदराखाली गेली.

"मान दुखतेय?"

"नाही गं. हवामुळे."

"हवेने घसा दुखतो, मान नाही. तात्यांमुळे ना? उठताना ते तुमच्या गळ्यात दोन्ही हात टाकतात आणि लटकतात, म्हणून."

"हळू बोल, यार!" द्वारकाताईंनी बाहेर डोकावून बघितलं. "तुझा आवाज म्हणजे मेट्रोची अनाउन्समेंट आहे."

"मग उद्या सांगा ना त्यांना. त्यासाठीच तर येतायत."

द्वारकाताई हसल्या, पण मान न वळवता. त्यांना वळायचं असलं की हल्ली त्या अख्ख्याच वळत. "मागच्या घरी सांगितलं होतं बेटा. तिथे आजी होती, सोफ्यावरून उचलताना पाठीत चमक भरली. मी इमानदारीने ऑफिसात सांगितलं. त्यांनी काय केलं? घर बदललं. त्या घरी दुसरी पाठवली, मला दुसरीकडे. माझी पाठ तीच राहिली, फक्त जायला दोन बस जास्त झाल्या." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "उद्या मॅडम विचारतील, मी म्हणणार, सब बढ़िया. तू पण म्हण. चल, निघते."

त्या रात्री झोपेपर्यंत रुचिराच्या नाकातून तो बामचा वास गेला नाही.

शुक्रवारी सकाळी तात्यांनी बंद गळ्याचा कोट घातला. बेल वाजली. दारात खांद्याला बॅग, हातात टॅब्लेट आणि तोंडाला मास्क लावलेली एक तरुण बाई उभी. मास्क काढून तिने हिंदीत सुरुवात केली, दारावरची पाटी वाचली आणि थेट मराठीत शिरली, "अय्या, तुम्ही आपलेच! मी देविका. ठाण्याची."

संपलं! पाहणीसाठी आलेलं माणूस ठाण्याचं निघाल्यावर आईला कोण आवरणार? पोहे आले, वर ओलं खोबरं आलं, वड्या आल्या, ठाण्यात नेमकं कुठे हे आलं. देविका फिजिओथेरपी शिकलेली होती आणि एजन्सीत सुरक्षेचं काम बघत होती. ती एका हाताने पोहे खात होती आणि दुसऱ्या हाताने टॅब्लेटवर एकेक खूण करत होती. उजेड छान. वायरी झाकलेल्या. खोली मोकळी.

"द्वारकाताई, तुम्हाला काही त्रास? पाठ, मान, खांदे?"

"सब बढ़िया, मॅडम," द्वारकाताई म्हणाल्या.

रुचिराने पोह्यांची बशी खाली ठेवली.

"आजोबा, घर अगदी हॉटेलसारखं ठेवलंय हं."

"हॉटेल नव्हे. अतिथीगृह," तात्यांनी दुरुस्ती केली.

"मग माझं काम झालंच म्हणायचं. हे एवढं हिरवं दाबलं की..." असं म्हणत देविका उठली, नमस्कारासाठी हात जोडायला एक पाऊल पुढे आली, आणि ते पाऊल पडलं गालिच्यावर.

गालिचा निघाला! पॉलिशवरून तो असा सुसाट निघाला जसं काही त्याला त्याच दिवशी काश्मीर गाठायचं होतं. देविकाने जे हाताला लागेल ते धरलं. हाताला लागली तात्यांची खुर्ची. ब्रेक लावला की खुर्ची जरा तिरकी दिसते, म्हणून तात्यांनी तो लावलेला नव्हता. पुढे बंद गळ्याच्या कोटात तात्या, मागे गुडघ्यांवर देविका, अशी ही मिरवणूक सगळी बैठकीची खोली पार करून दिवाणाला जाऊन धडकली. द्वारकाताई मागे धावल्या, त्यांचाही पाय सरकला, त्या आईला बिलगल्या, आणि दोघी मिळून सावकाश, फुगा बसावा तशा, खाली बसल्या.

कोणाला काही लागलं नाही. टॅब्लेट उडून तात्यांच्या मांडीत पडला होता. तात्यांनी चष्मा सारखा केला आणि त्यात बघितलं.

"इथे हिरवं दिसतंय. दाबू का?"

"आजोबा," जमिनीवरून देविका म्हणाली, "ते अजिबात दाबायचं नाही."

ती उठली. गुडघे झटकले. फरशीवरून बोट फिरवून वास घेतला. आता तिच्या चेहऱ्यावरचं ठाणे पार पुसलं गेलं होतं.

"सॉरी. पण अशा फरशीवर मी कोणालाच काम करायला ठेवू शकत नाही. मला लाल द्यावा लागेल."

आईचा चेहरा उतरला. तात्या कोटाचं वरचं बटण उगीच चाचपत राहिले. ते बघितलं आणि रुचिराचा तो मोठा आवाज बाहेर आला.

"थांबा! हे आमचं घरच नाहीये!"

"रुचिरा!" आई ओरडली.

"म्हणजे आहे, पण असं नाहीये. आमचं घर ह्याच्यापेक्षा खूप वाईट दिसतं! मी दाखवते!"

आणि ती बाल्कनीत पळाली. म्हणजे पळायला गेली, मग घसरत गेली. कूलरचं झाकण उघडून तिने एकेक ऐवज बाहेर काढला. विटा, मॅट, दोर, स्टूल. आधी आई शरमेने भिंतीकडे बघत होती, मग तीही पदर खोचून मदतीला आली. गरम पाणी आणि साबणाने पॉलिश उतरवलं, पुसून कोरडं केलं, गालिचा गुंडाळून दिवाणात कोंबला, विटा पायांखाली, मॅट बाथरूममध्ये, दोर गजाला, लाल पट्टी उंबरठ्यावर. अर्ध्या तासात घर पुन्हा पहिल्यासारखं कुरूप झालं.

देविका कंबरेवर हात ठेवून सगळ्या घरातून फिरली. मॅटवर जोरात पाय आपटून बघितला. दोराला लोंबकळून बघितलं. "विटांच्या जागी पलंगाला लावायचे पक्के पाय मिळतात, ते आणा. दोराऐवजी भिंतीला दांडा ठोकून घ्या. पण बाकी..." ती अविश्वासाने हसली. "हे सगळं तुम्ही लपवलं होतं? का?"

"दिसायला बरं नाही ना," आई पुटपुटली.

देविकाने टेबलावरचा निळा पट्टा उचलला. "आणि हा? ह्याला अजून लेबल आहे." तिने पट्टा उलटसुलट केला. "इस्त्री कोणी केलीय?"

आईने तात्यांकडे बघितलं, तात्यांनी खिडकीकडे.

"बरं, आता रोज जसं करता तसं करून दाखवा. आजोबांना खुर्चीतून उठवा."

"काय गरज आहे मॅडम, सब बढ़िया," द्वारकाताई घाईघाईने म्हणाल्या आणि त्यांनी रुचिराकडे बघितलं. ते बघणं म्हणजे, गप्प राहा. तात्यांनीही बघितलं. "रुचिरा," एवढंच ते म्हणाले.

एक क्षण तिचा आवाज परत बारीक व्हायला लागला. सांगितलं तर द्वारकाताई जाणार, त्यांच्यामागे तात्या जाणार. नाही सांगितलं तर हिरवा, आणि उद्या पुन्हा दाराआड बाम.

"मी सांगते," ती म्हणाली. "पण तुम्ही घर बदलायचं नाही. तुम्ही लोक घर बदलता आणि पाठ तशीच ठेवता! तात्या उठताना द्वारकाताईंच्या गळ्यात लटकतात. त्यांची मान वळत नाही. त्या सांगत नाहीत, कारण मागे सांगितलं तर तुम्ही त्यांनाच हलवलंत. मग कोण सांगणार तुम्हाला? सगळे बढ़ियाच म्हणणार!"

"लटकतो कुठे?" तात्या उसळले. "मी आधार घेतो."

"आधार?" आता द्वारकाताईंचंही तोंड सुटलं. "तात्या, लग्नात हार घालतात तसे हात घालता! आणि मग दिवसभर काढत नाही म्हटलं तरी चालेल!"

"मग तेव्हाच बोलायचं होतं!"

"बोलले की पुण्याला कोण जाणार होतं? मी?"

देविका खुर्ची ओढून बसली. वैतागली नव्हती. उलट बऱ्याच दिवसांपासून हरवलेली किल्ली सापडावी तसा तिचा चेहरा झाला होता. "आमच्याकडे जवळजवळ सगळी घरं हिरवी आहेत," ती सावकाश म्हणाली. "आणि मुलींची दुखणी कमीच होत नाहीयेत. मला कळेना, चुकतंय कुठे."

"तुम्ही आधी कळवून जाता ना?" तात्यांनी विचारलं.

"हो. आठवडाभर आधी."

"मग तुम्हाला घर दिसत नाही, तयारी दिसते. मी जन्मभर तेच दाखवलं आहे, मला विचारा. एकदा एक मंत्री न कळवता आले. तेव्हा त्यांनी खरं अतिथीगृह बघितलं."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? मी पायजम्यात होतो."

देविका एवढी हसली की टॅब्लेट पुन्हा पडता पडता राहिला. मग ती लिहायला लागली, मोठ्याने बोलत बोलत: न कळवता जायचं, तेही अंघोळीच्या वेळी. मदतनिसाला घरच्यांसमोर विचारायचं नाही, तिला एकटीला फोन करायचा. आणि दुखतंय म्हणून कोणी सांगितलं तर आधी घर सुधारायचं, माणूस हलवायचा नाही. "हे मी सोमवारी वरिष्ठांसमोर ठेवते. मान्य करायला लावते." तिने मान वर केली. "पण आजचं इथलं वेगळं. आजोबा, तुम्ही गळ्यात हात घालणार असाल तर मी द्वारकाताईंना इथे ठेवणार नाही. त्या स्वतः राहते म्हणाल्या तरी नाही. घरात बाकी सगळं ठीक आहे. तुमच्या हातांवर अडलंय."

सगळे तात्यांच्या हातांकडे बघायला लागले. तात्यांनी ते हात मांडीवर घेतले, जणू कोणी काढून नेणार होतं.

"पट्टा बांधायचा म्हणजे..." ते म्हणाले. "पट्ट्याचं नाही हो. पट्टा बांधीन एक वेळ. पण तुम्ही डॉक्टर लोक म्हणता पुढे वाका. पुढे वाकलं की फरशी अंगावर येते."

हे तात्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, डॉक्टरांना नाही, वादविवादाच्या तालमी ऐकताना रुचिरालाही नाही. द्वारकाताई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "अच्छा, असं आहे होय. मला वाटलं माझ्यावर जीव जडलाय."

"गप्प बस," तात्या म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा सैल झाला.

"फरशी दिसायलाच नको," रुचिरा एकदम म्हणाली. तिने अंघोळीचं स्टूल आणलं आणि तात्यांच्या समोर मांडून, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसली. "माझ्याकडे बघायचं. खाली नाही."

"थोडी मागे हो, आजोबांना वाकायला जागा लागेल," देविका म्हणाली. "हं, तेवढं बास. समोर कोणी असलं की खूप जणांना धीर येतो." तिने खुर्चीचे ब्रेक लावले, पावलं टेकायच्या पाट्या बाजूला केल्या, लेबल फाडलं आणि पट्टा तात्यांच्या कोटावरूनच बांधला. "द्वारकाताई, तुम्ही बाजूला उभ्या राहा, समोर नाही. मूठ धरा. खेचायचं नाही, नुसती धरायची. आजोबा, हात खुर्चीच्या दांड्यांवर. पाय मागे घ्या. अजून थोडे. आता रुचिराच्या दिशेनं नाक."

"नाक?"

"नाक पुढे आलं की बाकीचं आपोआप येतं."

तात्यांनी नाक जरासं पुढे केलं आणि मागे घेतलं. पुन्हा केलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. एक हात दांड्यावरून सुटला आणि सवयीने द्वारकाताईंच्या गळ्याकडे निघाला.

"तात्या," द्वारकाताई म्हणाल्या, हळूच.

हात मधेच थांबला. परत दांड्यावर गेला.

"तात्या, माझ्याकडे," रुचिरा म्हणाली. "कालचं भाषण म्हणून दाखवू?"

"नको, नको," तात्या म्हणाले, "त्यापेक्षा उठतो." आणि त्यांनी नाक पुढे केलं, आणखी पुढे, इतकं की रुचिराला त्यांच्या चष्म्यात स्वतःचे दोन चेहरे दिसले. दांडे करकरले. मग चष्मा वर गेला, वर, वर गेला, आणि रुचिराला वर बघावं लागलं.

तात्या उभे होते. थरथरत होते, पण उभे होते. दोन्ही हात दांड्यांवरून सुटून आता देविकाने बाजूने पुढे सरकवलेल्या तिच्या बसायच्या खुर्चीच्या पाठीवर होते. द्वारकाताईंच्या हातात पट्ट्याची मूठ होती आणि त्या मुठीला काहीच वजन नव्हतं. त्या मुठीकडे त्या अशा बघत होत्या जसं कोणी त्यांच्या हातात चुकून दुसऱ्याचीच वस्तू दिली होती.

आईने डोळे पुसले आणि लगेच नाक पुसल्यासारखं केलं.

देविका तात्यांची पावलं बघत होती. बघून झाल्यावर तिने टॅब्लेटवर बोट टेकवलं. पिवळा. "हिरवा देणार नाही," ती म्हणाली. "पक्के पाय आणि दांडा बसवा. आणि द्वारकाताई, मान दाखवून यायचं, खर्च एजन्सीचा. बघू, मी परत येईन तेव्हा."

"कधी?" आईने विचारलं.

"ते सांगणार नाही."

तात्या खाली बसले. धपकन नाही, द्वारकाताई सांगत गेल्या तसं, हात मागे नेऊन, दांडे शोधून, सावकाश. थोडा श्वास घेतला. कोटाची बाही ओढली.

"पुन्हा," ते म्हणाले.

पुन्हा उठले. पुन्हा बसले. तिसऱ्यांदा रुचिराला समोर बसू दिलं नाही, म्हणाले, तू बाजूला हो, मला फरशी बघू दे कशी येते अंगावर. फरशी थोडी आली असावी, कारण ते मधेच थांबले. मग उठले.

"पुन्हा."

"आता बास, तात्या!" द्वारकाताई पट्ट्याची मूठ सोडत म्हणाल्या. "दमले मी."

"तू कशानं दमलीस? तू तर काहीच केलं नाहीस!"

द्वारकाताईंनी एक हात मानेवर ठेवला आणि हसायला लागल्या. "तेच तर म्हणतेय," त्या म्हणाल्या. "सवय नाही ना."